दोन व्याख्यानांमधला पडदा: परिषदेच्या नव्या स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

व्याख्यान संपते, टाळ्या होतात, वक्ते आपल्या लॅपटॉपची वायर काढून घेतात आणि पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर ‘सिग्नल नाही’ अशी ओळ उमटते. पुढचे वक्ते येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे ती ओळ तशीच राहते. नेमक्या याच वेळात सभागृहात सर्वाधिक ये-जा असते. कोणी बाहेर पडत असतो, कोणी दारातून डोकावून आपण योग्य ठिकाणी आलो का ते पाहत असतो, तर कोणी पुढच्या व्याख्यानाला थांबावे की दुसऱ्या सभागृहात जावे, याचा विचार करत असतो. सभागृहातली सर्वात मोठी आणि सर्वात उजळ वस्तू म्हणजे पडदा, आणि लोकांना काही विचारायचे असते तेव्हा नेमका तोच गप्प असतो.

स्वयंसेवकांनी चालवलेल्या तंत्रज्ञान परिषदांमध्ये हे काम बहुतेक वेळा कोणाकडेच सोपवलेले नसते. ते ज्यांच्याकडे पहिल्यांदा येणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मोठा खर्च किंवा खास उपकरणे नसली तरी चालतात, मात्र तयारी किमान दोन आठवडे आधी सुरू करावी लागते.

पडदा कोणासाठी आहे, हे आधी ठरवा

आत्ताच दारातून आलेल्या आणि कोणालाही न ओळखणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून सर्व निर्णय घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. त्याचे प्रश्न तीनच असतात: हे कोणते सभागृह आहे, इथे पुढे काय आहे, आणि ते किती वाजता सुरू होणार आहे. या तिन्हींची उत्तरे एकाच स्लाइडवर, एका नजरेत मिळाली पाहिजेत. परिषदेचे बोधचिन्ह, प्रायोजकांची नावे, जेवणाची वेळ, समाजमाध्यमांवरील खाती या गोष्टींना जागा आहे, पण ती या तीन उत्तरांनंतर.

आयोजकांच्या बैठकीत या स्लाइडवर आणखी काय काय घालता येईल याची यादी वाढत जाते आणि प्रत्येक सूचना त्या-त्या जागी रास्तच असते. तरीही मुख्य स्लाइडवर सभागृहाचे नाव, सुरू होण्याची वेळ, व्याख्यानाचे शीर्षक आणि वक्त्यांचे नाव याहून जास्त काही येऊ देऊ नका. व्याख्याने एकाहून अधिक भाषांमध्ये होणार असतील तर व्याख्यानाची भाषा ही पाचवी गोष्ट जरूर घाला, कारण न समजणाऱ्या भाषेतले व्याख्यान सुरू झाल्यावर उठून जाणे कोणालाही अवघड वाटते.

सभागृह प्रत्यक्ष पाहून या

स्लाइड बनवायला बसण्यापूर्वी प्रत्येक सभागृहात जाऊन चार गोष्टी लिहून घ्या: पडद्यावर पडणाऱ्या चित्राची उंची, पडद्यापासून शेवटच्या रांगेचे अंतर, प्रोजेक्टरची मूळ पिक्सेलसंख्या, आणि तिथे कोणत्या प्रकारची जोडणी आहे.

पिक्सेलसंख्येकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आजचे बहुतेक लॅपटॉप आणि टीव्ही १६:९ या प्रमाणात चित्र देतात. त्यातली नेहमीची संख्या १९२० बाय १०८०. पण सभागृहांमध्ये बसवलेले प्रोजेक्टर अनेकदा १२८० बाय ८०० म्हणजे १६:१० प्रमाणाचे, आणि जुने असतील तर १०२४ बाय ७६८ म्हणजे ४:३ प्रमाणाचे असतात. चुकीच्या प्रमाणातली स्लाइड लावली की एक तर वर-खाली काळे पट्टे येतात किंवा चित्र ताणले जाऊन अक्षरे बेढब दिसतात. सभागृहांमध्ये वेगवेगळे प्रोजेक्टर असतील तर एकच आराखडा १६:९ मध्ये करून सर्व मजकूर मधल्या भागात ठेवावा, म्हणजे कडा कापल्या गेल्या तरी वाचनीय भाग शाबूत राहतो. काही प्रोजेक्टर आणि टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापूनच दाखवतात, म्हणून चारही बाजूंना किमान ५ टक्के जागा मोकळी सोडणे हा नियमच समजा.

दुपारी ऊन कोणत्या खिडकीतून येते आणि पडद्यावर पडते का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे. यासाठी भेट व्याख्यानांच्याच वेळेत ठेवा.

अक्षर किती मोठे हवे

हा भाग मी सविस्तर लिहितो आहे, कारण चुका सर्वात जास्त इथेच होतात. लॅपटॉपवर छान दिसणारी स्लाइड वीस मीटरवरून वाचता येत नाही, आणि बनवणारा माणूस लॅपटॉपपासून हातभर अंतरावर बसलेला असल्यामुळे ते त्याच्या लक्षात येत नाही.

एक ठोकताळा असा की पडद्यावरील अक्षराची उंची ही सर्वात लांब बसलेल्या माणसाच्या अंतराच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी असावी. समजा, शेवटची रांग पडद्यापासून २० मीटरवर आहे. त्याचा दोनशेवा भाग म्हणजे १० सेंटिमीटर. चित्राची उंची २ मीटर आणि त्यात १०८० पिक्सेल असतील, तर एका सेंटिमीटरमध्ये ५.४ पिक्सेल बसतात. म्हणजे अक्षर ५४ पिक्सेल उंच हवे. इथेच अनेकजण फॉन्टचा आकार ५४ ठेवून मोकळे होतात आणि फसतात. फॉन्टचा आकार म्हणजे अक्षराची उंची नव्हे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा ठेवलेली असते, त्यामुळे मूळ अक्षर फॉन्टच्या आकाराच्या साधारण ६० ते ६५ टक्केच उंच असते. म्हणजे ५४ पिक्सेल उंचीचे अक्षर हवे असेल तर फॉन्ट ९० पिक्सेलच्या आसपास लागतो.

आता ओळी मोजा. १०८० मधून वर-खाली ५ टक्के, म्हणजे ५४-५४ पिक्सेल वजा केले की ९७२ उरतात. देवनागरीच्या दोन ओळींत दाटी होऊ द्यायची नसेल तर ओळींमधील अंतर फॉन्टच्या दीडपट, म्हणजे १३५ पिक्सेल धरावे लागते; नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. ९७२ भागिले १३५ म्हणजे जेमतेम सात ओळी. अशा सभागृहात एका स्लाइडवर सात ओळींहून जास्त मजकूर बसतच नाही, आणि ही मर्यादा तुमच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही. बैठकीत कोणी आणखी एक ओळ घालण्याचा आग्रह धरला, तर हे गणित त्यांच्यापुढे ठेवा. मला तरी वाद मिटवण्याचा याहून चांगला मार्ग सापडलेला नाही.

फॉन्ट निवडताना समान जाडीच्या रेषा असलेला आणि अक्षरांची पोकळी मोकळी असलेला घ्यावा. ‘नोटो सान्स देवनागरी’ आणि ‘मुक्त’ (Mukta) हे दोन्ही फॉन्ट मोफत उपलब्ध आहेत आणि लांबून चांगले वाचता येतात. अगदी बारीक वजनाचे प्रकार पडद्यावर विरून जातात, म्हणून मध्यम किंवा त्याहून जाड वजन वापरा.

उजेडात काळी पार्श्वभूमी चालत नाही

तंत्रज्ञानाच्या जगात काळ्या पार्श्वभूमीची आवड मोठी आहे, पण दोन व्याख्यानांच्या मध्ये तिचा उपयोग होत नाही. प्रोजेक्टर प्रकाश टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा रंग म्हणजे प्रोजेक्टरचा प्रकाश जवळपास न पडलेला पडदा, आणि सभागृहातले दिवे लागले की तो पडदा राखाडी होतो. व्याख्यान चालू असताना दिवे मंद असतात. मधल्या वेळेत लोकांना चालता यावे म्हणून ते पूर्ण लावलेले असतात. त्यामुळे व्याख्यानात खुलून दिसणारी गडद स्लाइड मधल्या वेळेत फिकट पडते आणि तिच्यावरची निळी किंवा जांभळी अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. पांढऱ्या किंवा अगदी फिकट पार्श्वभूमीवर काळा किंवा गर्द मजकूर हाच इथला सुरक्षित पर्याय आहे.

वेबवरील सुलभतेच्या मानकांमध्ये सामान्य मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुरासाठी ३:१ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मागितलेला आहे. हे आकडे उजळ संगणक-पडद्याला पुरतात. प्रोजेक्टरवर मात्र दिव्यांचा उजेड त्यातला बराच भाग खातो, म्हणून ७:१ च्या पुढेच राहावे. केवळ रंगाने अर्थ सांगू नका. ‘हिरवे म्हणजे वेळेवर, लाल म्हणजे रद्द’ अशी रचना केली तर ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांच्यापर्यंत ती माहिती पोहोचतच नाही. ‘रद्द’ हा शब्द लिहावा. लुकलुकणारे काही ठेवू नये. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारे चित्र अपस्माराच्या काही रुग्णांना त्रास देऊ शकते, आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

स्लाइडांचा फेरा कसा बांधावा

मुख्य स्लाइड एकदा दाखवून मग पंधरा-वीस इतर स्लाइड फिरवणे, ही नेहमी दिसणारी चूक आहे. दारात उभा असलेला माणूस दहा-वीस सेकंद पाहतो आणि निघून जातो. तेवढ्यात त्याला फक्त प्रायोजकांची नावे दिसली, तर पडदा असून नसल्यासारखाच. म्हणून प्रत्येक दुसरी स्लाइड मुख्य असावी.

माझ्या वापरातला फेरा असा असतो: मुख्य स्लाइड १५ सेकंद, एक इतर स्लाइड १० सेकंद, पुन्हा मुख्य १५, दुसरी इतर १०, पुन्हा मुख्य १५, तिसरी इतर १०. संपूर्ण फेरा ७५ सेकंदांत पुरा होतो, दहा मिनिटांच्या मध्यंतरात तो आठ वेळा फिरतो, आणि कोणीही कधीही मान वर केली तरी दहा सेकंदांच्या आत त्याला पुढचे व्याख्यान कळते.

तीन इतर स्लाइडांपैकी एक याच वेळी दुसऱ्या सभागृहांत काय आहे हे सांगणारी, एक प्रायोजकांची आणि एक सोयींची असावी. सोयींच्या स्लाइडवर वायफायचे नाव आणि परवलीचा शब्द, तसेच आचारसंहितेबाबत तक्रार असल्यास कोणाशी बोलावे ते असू द्यावे. संपर्कासाठी स्वयंसेवकांचे खासगी फोन क्रमांक देऊ नका. परिषदेसाठी वेगळा क्रमांक किंवा मदत-कक्षाची जागा द्या. वायफायच्या परवलीच्या शब्दात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल अशी एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे येणार नाहीत, हे जाळ्याची (नेटवर्कची) व्यवस्था पाहणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. नंतर तो बदलता येत नाही.

क्यूआर कोडबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ साली हा कोड तयार झाला तो कारखान्यातल्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी, म्हणजे जवळून वाचण्यासाठी. सर्वसाधारण हिशेब असा की कोडची बाजू वाचण्याच्या अंतराच्या दहाव्या भागाइतकी लागते. वीस मीटरवरून तो वाचला जायचा असेल तर कोड दोन मीटर रुंद हवा, म्हणजे आपल्या उदाहरणात संपूर्ण पडद्याइतका उंच. तेव्हा कोपऱ्यात छोटासा क्यूआर कोड लावल्याने फक्त पहिल्या दोन-तीन रांगांची सोय होते. कोडऐवजी लहान, हाताने टाइप करता येईल असा पत्ता लिहा, आणि कोड छापून दारावर आणि खुर्च्यांच्या रांगांच्या कडेला चिकटवा.

प्रायोजकांच्या बाबतीत कोणाचे चिन्ह किती मोठे आणि किती वेळ, हे करारात काय लिहिले आहे ते वाचूनच ठरवावे. चिन्हे व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी, मागवा, त्यांना ताणू नका आणि रंग बदलू नका.

एकाच तक्त्यातून सर्व स्लाइड बनवा

दोन दिवस, तीन सभागृहे आणि प्रत्येकी आठ व्याख्याने धरली तरी अठ्ठेचाळीस मुख्य स्लाइड होतात. त्या एकेक करून हाताने बनवल्या तर कुठे तरी जुने शीर्षक राहतेच. त्याऐवजी एक तक्ता करा: दिवस, सभागृह, सुरुवात, शेवट, शीर्षक, वक्ते, भाषा. प्रीटॉक्ससारखी व्याख्यान-निवडीची प्रणाली परिषद वापरत असेल तर वेळापत्रक तिथून जेसन किंवा एक्सएमएल या प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या स्वरूपात थेट घेता येते. मग त्या तक्त्यावरून लहानशा प्रोग्रॅमने किंवा लिबरऑफिसच्या पत्र-जुळणीच्या (मेल मर्ज) सोयीने सर्व स्लाइड एकदम तयार कराव्यात. वेळापत्रकात बदल झाला की तक्ता बदलायचा आणि स्लाइड पुन्हा काढायच्या. स्लाइडला हात लावायचा नाही.

फायलींच्या नावांत दिवस, सभागृह आणि चोवीस तासांच्या पद्धतीने चार अंकी वेळ याच क्रमाने, इंग्रजी आकड्यांत लिहा. असे केले की फायली आपोआप योग्य क्रमाने लागतात आणि घाईत चुकीची फाईल उघडली जात नाही.

वक्त्यांची नावे त्यांच्याकडूनच, त्यांना हवी तशी, देवनागरीत लिहून घ्यावीत. इंग्रजी नावावरून आपण अंदाजाने देवनागरी केली तर ऱ्हस्व-दीर्घ आणि त-ट यांत चूक होण्याची शक्यता फार असते, आणि स्वतःचे नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत चुकलेले पाहणे कोणालाही बरे वाटत नाही. शीर्षक लांबलचक असेल तर ते मनाने छाटू नका. दोन ओळींत बसेल असे छोटे शीर्षक वक्त्यांकडूनच मागवा.

तयार स्लाइड शेवटी चित्रांच्या स्वरूपात, म्हणजे पीएनजी फायली करून ठेवाव्यात. यामागे एक अनुभव आहे. एका परिषदेत आम्ही सादरीकरणाची मूळ फाईल पेनड्राइव्हवरून सभागृहातल्या संगणकावर घेतली. त्या संगणकावर आमचा फॉन्ट नव्हता. पडद्यावर ‘तंत्रज्ञान’ या शब्दातला ‘ज्ञ’ फुटून पाय मोडलेला ज आणि शेजारी ञ असा दिसू लागला आणि ‘विकास’ची वेलांटी व च्या पुढे जाऊन बसली. उद्घाटनाला सात मिनिटे उरलेली असताना ते दुरुस्त करणे शक्य नव्हते. चित्र केलेल्या स्लाइडमध्ये अक्षरे गोठलेली असतात. ती कोणत्याही संगणकावर तशीच दिसतात.

दाखवण्याचे साधन

पहिल्याच वर्षी साधेपणा निवडा. चित्रांच्या फायली लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये घालून प्रत्येकीला सेकंद ठरवून द्या आणि सादरीकरण पुन्हा पुन्हा चालू राहण्याची सोय सुरू करा. एका मध्यंतरासाठी एक फाईल असे केले की काम स्पष्ट राहते.

दुसरा मार्ग वेब-पानाचा आहे. घड्याळ पाहून पुढचे व्याख्यान आपोआप दाखवणारे पान क्रोमियम किंवा फायरफॉक्सच्या किऑस्क मोडमध्ये पूर्ण पडद्यावर चालवता येते. हा मार्ग देखणा आहे आणि सर्व सभागृहे एकाच ठिकाणाहून सांभाळता येतात, पण तो दोन गोष्टींवर अवलंबून आहे: जाळे आणि घड्याळ. परिषदेचे वायफाय ऐन गर्दीत कोलमडते हे गृहीत धरून पान जाळ्याशिवायही चालेल असे करा. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा छोटा संगणक वापरत असाल तर तिच्या घड्याळाकडे लक्ष द्या. पाय ४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे जाळ्याशिवाय ती सुरू झाली तर वेळ मागची दाखवते आणि पडद्यावर होऊन गेलेले व्याख्यान ‘पुढील’ म्हणून झळकते. शिवाय पाय ४ आणि ५ यांना मायक्रो-एचडीएमआय वायर लागते. नेहमीची वायर बसत नाही.

दोन्हींपैकी काहीही निवडले, तरी सर्व चित्रे असलेला पेनड्राइव्ह प्रत्येक सभागृहाच्या स्वयंसेवकाजवळ असू द्या.

जोडणी

एकच वायर वक्त्यांच्या लॅपटॉपमधून काढायची, तुमच्या लॅपटॉपला लावायची आणि पुन्हा उलट करायचे, ही पद्धत दिवसातून सोळा वेळा करून पाहिली की तिचे दुखणे कळते. प्रत्येक सभागृहात दोन किंवा अधिक इनपुट असलेला एचडीएमआय स्विच ठेवावा: एक इनपुट कायम मध्यंतराच्या लॅपटॉपसाठी, दुसरे वक्त्यांसाठी. साध्या स्विचमध्ये बदलताना काही सेकंद पडदा काळा होतो, कारण प्रोजेक्टर आणि लॅपटॉप एकमेकांशी नव्याने ओळख करून घेतात. तो काळा क्षण अपेक्षित आहे, त्यामुळे घाबरून पुन्हा बटण दाबू नका. दाबले की सर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अखंड बदल करणारे स्विच मिळतात, पण ते महाग असतात आणि सुरुवातीला त्यांची गरज नसते.

साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. अंतर जास्त असेल तर ऑप्टिकल वायर, किंवा नेटवर्कच्या वायरीवरून १०० मीटरपर्यंत चित्र नेणारी एचडीबेसटी जोडणी लागते. ही सोय सभागृहात आहे का, ते आधीच विचारावे. सर्व यूएसबी-सी पोर्ट चित्र देतात असे नाही, हे वक्त्यांना ईमेलने कळवून ठेवावे आणि यूएसबी-सी, मिनी डिस्प्लेपोर्ट असे अडॅप्टर प्रत्येक सभागृहात दोरीने बांधून ठेवावेत. दोरी आवश्यक आहे. न बांधलेला अडॅप्टर दुपारपर्यंत कोणाच्या तरी पिशवीतून निघून जातो.

मध्यंतराच्या लॅपटॉपची तयारी आदल्या दिवशी करा. चार्जर लावा, झोपेची आणि स्क्रीनसेव्हरची सोय बंद करा, मॅक असेल तर कॅफिनेट (caffeinate) ही आज्ञा वापरा, सूचना आणि आपोआप होणारे अपडेट थांबवा, आणि शक्य असल्यास त्यावर कोणाचेही खासगी खाते नसलेला वेगळा वापरकर्ता तयार करा. एखाद्या स्वयंसेवकाचा खासगी निरोप पडद्यावर आला तर तो परत घेता येत नाही. पडदा वाढवून वापरायचा की तसाच दाखवायचा हे विंडोजमध्ये विंडोज आणि पी या दोन कळा एकत्र दाबून ठरवता येते. मध्यंतरासाठी ‘वाढवून’ ठेवा, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर तुम्हाला पुढची फाईल शांतपणे उघडता येते.

वेळापत्रक बदलते तेव्हा

पडद्याची खरी परीक्षा इथे होते. एका वर्षी एका वक्त्यांची गाडी चुकली म्हणून आम्ही दोन व्याख्यानांची अदलाबदल केली. संकेतस्थळावर बदल झाला, सूत्रसंचालकांना कळले, पण सभागृह दोनमधल्या पडद्यावर मात्र जुनेच शीर्षक फिरत राहिले. लोकांनी फोनपेक्षा पडद्यावर विश्वास ठेवला आणि रांगाच्या रांगा चुकीच्या व्याख्यानाला बसून राहिल्या. व्याख्यान सुरू झाल्यावर उठून जाणाऱ्यांमुळे वक्त्यांचा झालेला हिरमोड मला अजून आठवतो. त्यांचा त्यात काहीच दोष नव्हता.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. बदल ठरवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असतो आणि पडदा सांभाळणारे सर्व स्वयंसेवक फक्त तिच्याच निरोपावर स्लाइड बदलतात. निरोप मिळाला की प्रत्येकजण नुसते ‘ठीक’ असे न लिहिता पडद्याचा फोटो काढून पाठवतो, कारण फोटोत बदल झालेला दिसतो. मुख्य स्लाइडवर ‘बदल’ हा शब्द ठळकपणे घातला जातो, नाही तर सकाळी वेळापत्रक वाचलेल्या माणसाला पडदाच चुकला आहे असे वाटते. आणि जो भाग बदलला तो ज्या सभागृहातून गेला आणि ज्यात आला, त्या दोन्ही पडद्यांवर दाखवला जातो. दुसरी बाजू बहुतेक विसरली जाते: व्याख्यान जिथून हलवले, तिथे येऊन बसलेल्या माणसाला ते कुठे गेले हे कळायला हवे.

यासाठी काही रिकामे साचे आधीच तयार ठेवा: ‘हे व्याख्यान अमुक सभागृहात होईल’, ‘व्याख्यान रद्द’, ‘सुरुवातीस उशीर, नवी वेळ अमुक’. उशीर होतो तेव्हा ‘लवकरच सुरू होईल’ असे न लिहिता वेळ लिहा. ‘लवकरच’ वाचून पाणी प्यायला जावे की नाही हे ठरवता येत नाही. मिनिटे उलटी मोजणारे घड्याळ याच कारणासाठी मी टाळतो. ते शून्यावर आले आणि व्याख्यान सुरू झाले नाही, तर सभागृहात अस्वस्थता पसरते. आणीबाणीसाठीही एक साचा हवा: कार्यक्रम थांबवला आहे, शांतपणे जवळच्या दाराने बाहेर पडा. ती स्लाइड कुठे आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून लावायची, हे प्रत्येक स्वयंसेवकाला तोंडी सांगून ठेवा.

दहा मिनिटांचे मध्यंतर, प्रत्यक्षात

शेवटचा प्रश्न संपून टाळ्या सुरू झाल्या की लगेच मध्यंतराच्या इनपुटवर या. वक्त्यांनी वायर काढण्याची वाट पाहू नका, कारण त्यांचा डेस्कटॉप किंवा मेल पडद्यावर येण्याचा धोका याच क्षणी असतो. स्विच बदलल्यावर त्यांना सावकाश आवरू द्या.

सुरू होण्याच्या सहा-सात मिनिटे आधी पुढच्या वक्त्यांचा लॅपटॉप दुसऱ्या इनपुटला जोडून घ्या. स्विचला छोटा तपासणी-पडदा जोडता आला तर चित्र येते की नाही ते लोकांना न दाखवताच पाहता येते. तशी सोय नसेल तर त्यांना आधी आपली पहिली स्लाइड उघडायला सांगून एकदा बदलून पाहा आणि लगेच परत या. दोन मिनिटे राहिली की फेरा थांबवून मुख्य स्लाइडवर स्थिर राहा. सूत्रसंचालक ओळख करून देत असताना मागे प्रायोजकांची चिन्हे फिरणे बरे दिसत नाही. ओळख संपली की वक्त्यांच्या इनपुटवर जा.

व्याख्यानांचे चित्रीकरण किंवा थेट प्रक्षेपण होत असेल तर मध्यंतरात सर्व मायक्रोफोन बंद आहेत ना, हे पाहणे हाही याच क्रमाचा भाग करा. लांबून पाहणाऱ्यांसाठी वेळेसोबत कोणत्या प्रदेशाची वेळ आहे ते लिहावे. मध्यंतरात संगीत वाजवायचे असेल तर मुक्त परवान्याचेच वापरावे, अन्यथा प्रक्षेपण मध्येच बंद पडू शकते.

दिवसभरात प्रोजेक्टर बंद करू नका. लॅम्पचा प्रोजेक्टर बंद केला की थंड होऊन पुन्हा पूर्ण उजळ व्हायला काही मिनिटे घेतो, आणि तेवढी मिनिटे तुमच्याकडे नसतात. क्षणभर पडदा काळा हवा असेल तर सादरीकरणात बी ही कळ दाबा किंवा रिमोटवरील चित्र झाकण्याचे बटण वापरा.

आदल्या संध्याकाळी

प्रत्येक सभागृहात दिवे पूर्ण लावून मुख्य स्लाइड पडद्यावर ठेवा आणि शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातील खुर्चीवर जाऊन बसा. चश्मा असणाऱ्या आणि स्लाइड आधी न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला सोबत घ्या आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. जिथे ते अडखळतील तिथे अक्षर लहान आहे किंवा मजकूर जास्त आहे. मग पुढच्या रांगेतला एक उंच माणूस उभा करून खालची ओळ झाकली जाते का ते पाहा. झाकली जात असेल तर सभागृहाचे नाव आणि वेळ वरच्या अर्ध्या भागात हलवा. त्यानंतर फेरा सुरू करून अर्धा तास त्याला हात न लावता तसाच चालू ठेवा आणि परत येऊन पाहा. लॅपटॉप झोपला नसेल, एखादी सूचना आलेली नसेल आणि पडद्यावर योग्य स्लाइड असेल, तर पेनड्राइव्हवर शेवटची प्रत घेऊन तो स्विचशेजारी चिकटवून ठेवा.